उमेदवार कोणी ठरवायचा?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मी बोलणार आहे ते एका हरलेल्या नेत्याच्या मोहिमेबद्दल. त्यांचे नाव हॉवर्ड डीन. पेशाने डॉक्टर. व्हरमाँट या छोट्या राज्याचे अकरा वर्षे गव्हर्नर. २००४ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली आणि ती त्यांना मिळाली नाही.

मी तेव्हाही शिकागोजवळ राहत होते, आजही राहते. त्यांच्या मोहिमेत मी साधी स्वयंसेवक होते. माझ्याकडे ग्रीन कार्ड होते, नागरिकत्व नव्हते. तिथल्या कायद्याप्रमाणे मला देणगी देता येत होती, दारोदार फिरता येत होते. मत तेवढे देता येत नव्हते. तरीही लोकशाहीत आपला सहभाग आहे, असे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या मोहिमेत वाटले. का वाटले, ते मला आज सांगायचे आहे.

नोव्हेंबरमध्ये होणारी अध्यक्षपदाची लढत इथेही सगळे टीव्हीवर पाहतात. तिच्या आधी कित्येक महिने प्रत्येक पक्षात अंतर्गत लढत चालते. राज्याराज्यांत पक्षाचे समर्थक मतदान करतात. काही राज्यांत मतपत्रिकेवर, त्याला प्रायमरी म्हणतात. काही ठिकाणी गावसभेसारखे एकत्र जमून, त्याला कॉकस म्हणतात. त्यातून निवडलेले प्रतिनिधी उन्हाळ्यातल्या अधिवेशनात पक्षाचा उमेदवार निश्चित करतात. उमेदवार कोण, हे समर्थक ठरवतात.

हा अधिकार त्यांना कोणी सहज दिलेला नाही. १९६८ साली व्हिएतनाम युद्ध पेटलेले होते आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन पुन्हा उभे राहणार, असे सगळे धरून चालले होते. मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी त्यांना त्यांच्याच पक्षात आव्हान दिले. युद्धाच्या विरोधातली कॉलेजची मुले न्यू हॅम्पशर राज्यात उतरली. वडीलधाऱ्या मतदारांनी आपल्याला पाहून दार लावून घेऊ नये म्हणून त्यांनी लांब केस कापले, दाढ्या उतरवल्या. १२ मार्चला निकाल लागला. जॉन्सन यांना ४९ टक्के मते पडली, मॅकार्थींना ४२. पदावर असलेल्या अध्यक्षाला स्वतःच्या पक्षात निम्मीही मते मिळाली नाहीत. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण उभे राहणार नसल्याचे जाहीर केले.

तरीही उमेदवारी गेली ती ह्युबर्ट हम्फ्री यांच्याकडे, एकही प्रायमरी न लढवता. पुढाऱ्यांनी बंद खोल्यांत आकडेमोड केली आणि नाव पक्के झाले. त्या वर्षीच्या शिकागो अधिवेशनात सभागृहात गोंधळ आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांचा मार, असे चित्र साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. आधी जॉर्ज मॅकगव्हर्न आणि मग डोनाल्ड फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते. १९७२ पासून उमेदवारीचा निर्णय साध्या समर्थकांच्या हाती आला आणि रिपब्लिकन पक्षालाही त्याच वाटेने जावे लागले. न्यू हॅम्पशरच्या थंडीत फिरलेली ती मुले त्या वर्षी हरली होती. पण पुढच्या प्रत्येक समर्थकाला मिळालेल्या अधिकारात त्यांच्या पायपिटीचा वाटा आहे.

आता २००३ कडे येते. इराक युद्ध सुरू झाले होते. उमेदवारी मागणाऱ्यांपैकी जॉन केरी, जॉन एडवर्ड्स, डिक गेपहार्ट, जो लीबरमन यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, युद्धाच्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. डीन यांनी युद्धाला उघड विरोध केला. व्हरमाँटमध्ये त्यांनी जवळजवळ प्रत्येक मुलापर्यंत आरोग्य विमा पोचवला होता. माझ्यासारखीला या दोन गोष्टी पुरेशा होत्या. त्यांच्याकडे पैसा नव्हता, राष्ट्रीय पातळीवर ओळख नव्हती. मोहिमेचे व्यवस्थापक जो ट्रिपी यांनी ओळखले की लोक इंटरनेटवरून एकमेकांना शोधून आपापल्या गावात भेटू लागले आहेत. त्या भेटींवरच त्यांनी मोहीम उभी केली.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी देशभर या बैठका होत. आमच्या उपनगरात त्या एका कॉफीच्या दुकानात भरत. निवृत्त शिक्षिका, रात्रपाळी करून आलेली परिचारिका, कॉलेजातला मुलगा, पूर्वी कधीही राजकारणात न पडलेला सुतार, असे आम्ही एका टेबलाभोवती बसायचो. व्यासपीठ नव्हते आणि हारतुरेही नव्हते. आयोवा राज्यातल्या मतदारांची नावे आणि पत्ते यायचे आणि आम्ही हाताने पत्रे लिहायचो. आपला पाठिंबा का, ते प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहायचे. आपले मत अनोळखी माणसाला पटेल असे लिहायचे, तर आधी ते आपल्याला नीट कळलेले असावे लागते. त्या टेबलाशी मी आरोग्य विम्यावर जितका विचार केला, तितका वर्तमानपत्रे वाचून कधी केला नव्हता.

पैशाचेही तसेच. जुलै २००३ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांच्यासाठी साउथ कॅरोलायनात देणगीदारांचे भोजन ठरले, एका ताटाला दोन हजार डॉलर. डीन यांच्या मोहिमेने समर्थकांना आवाहन केले की आपण घरबसल्या जेवू आणि जमेल तेवढे देऊ. डीन संगणकासमोर बसून टर्की सँडविच खातानाचे चित्र झळकले आणि छोट्या देणग्यांतून पाच लाख डॉलरच्या आसपास रक्कम उभी राहिली. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत त्यांनी दीड कोटी डॉलरच्या जवळपास निधी जमवला. त्याआधी कोणत्याही डेमोक्रॅटिक इच्छुकाने एका तिमाहीत इतका जमवला नव्हता, आणि सरासरी देणगी शंभर डॉलरच्या आत होती. नोव्हेंबरमध्ये सरकारी निवडणूक निधी घ्यायचा की खर्चाची मर्यादा झुगारून लोकवर्गणीवर लढायचे, असा प्रश्न आला. डीन यांनी तो समर्थकांच्या मतदानावर सोडला. समर्थकांनी लोकवर्गणी निवडली आणि ते तसेच लढले. मला देशात मत नव्हते, पण मोहिमेने माझे मत विचारले होते.

जानेवारी २००४ मध्ये कॉकससाठी आम्ही आयोवात गेलो. मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट शहरात आमची नेमणूक होती. देशभरातून साडेतीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक आले होते. सगळ्यांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या आणि हातात मतदारांच्या याद्या. थंडी अशी की पेनातली शाई धरत नव्हती. एका दारात एका आजींनी मला विचारले, "तुला इथे मत आहे का?" मी म्हणाले, "इथे नाही आणि या देशात कुठेच नाही. तुम्हाला आहे, म्हणून तुमच्याकडे आले." त्यांनी मला आत घेतले, गरम चहा दिला आणि अर्धा तास वाद घातला. आपण केरींकडे जाणार, हेही शेवटी स्पष्ट सांगितले. माझे म्हणणे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग नाकारले. हा मान मला फार मोठा वाटला.

१९ जानेवारीच्या संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात मी प्रेक्षक म्हणून भिंतीशी उभी होते. आयोवातला डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस म्हणजे तेव्हा उघड मतदान असे. केरींचे लोक एका कोपऱ्यात, एडवर्ड्सचे दुसऱ्या, डीनचे तिसऱ्या. माणसे उभी राहत आणि डोकी मोजली जात. ज्या गटाची संख्या पंधरा टक्क्यांच्या खाली, तो मोडे आणि त्यातल्या माणसांनी दुसरीकडे जायचे. मग मनधरणी सुरू होई. गेपहार्ट यांचा गट मोडला. त्यात कामगार संघटनेचे एक जुने कार्यकर्ते होते. आमच्या गटाने त्यांना युद्धाबद्दलचे सगळे मुद्दे सांगितले. तेवढ्यात एडवर्ड्सच्या कोपऱ्यातून त्यांच्या गल्लीत राहणाऱ्या बाई आल्या. त्यांनी आधी त्या कार्यकर्त्यांच्या पत्नीच्या आजाराची चौकशी केली आणि मग दोन वाक्यांत एडवर्ड्सबद्दल सांगितले. ते त्यांच्यासोबत गेले.

राज्याचा निकाल आला: केरी ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८. अनोळखी माणसाच्या कळकळीचा आदर होतो, पण मत वळते ते वर्षानुवर्षांच्या विश्वासाने, हे मी त्या सभागृहात डोळ्यांनी पाहिले होते. त्या रात्री डीन आम्हा थकलेल्या स्वयंसेवकांना धीर देण्यासाठी मोठ्याने बोलले आणि शेवटी ओरडले. ते बोलत होते त्या सभागृहात इतका गलका होता की त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. मायक्रोफोनने मात्र फक्त त्यांचाच आवाज टिपला आणि टीव्हीवर ती आरोळी पुढचे कित्येक दिवस शेकडो वेळा वाजली. जे शब्द आमच्यासाठी दिलासा होते, ते देशाला वेडेपणा म्हणून दाखवले गेले. याचे दुःख मला आजही आहे. १८ फेब्रुवारीला डीन यांनी माघार घेतली. २ मार्चला त्यांच्या व्हरमाँटमध्ये मतदान झाले. मैदान सोडलेल्या आपल्या माणसाला तिथल्या लोकांनी जिंकून दिले.

पुढे काय झाले? फेब्रुवारी २००५ मध्ये डीन डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष झाले. जिथे पक्षाला काही आशा नाही असे मानले जात होते, त्या राज्यांतही पगारी संघटक नेमायचे, सगळ्या ५० राज्यांत काम करायचे, हे धोरण त्यांनी आणले. त्यांच्या मोहिमेत संगणकाचे काम केलेल्या तरुणांपैकी काही जण २००८ मध्ये बराक ओबामा यांच्या मोहिमेत मोठ्या जबाबदारीवर गेले. ओबामांच्या आयोवातल्या कामाची तीन सूत्रे होती: आदर ठेवा, अधिकार द्या, सामावून घ्या. गल्लीतला माणूस गल्लीतच उभा करायचा, शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलायचे, यावर त्यांचा भर होता. २००४ मध्ये आयोवाच्या कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास माणसे आली होती. ३ जानेवारी २००८ ला जवळजवळ दुप्पट आली. ओबामा जिंकले. ५ फेब्रुवारीला इलिनॉयच्या प्रायमरीत मी मतदान केले. तोपर्यंत मी नागरिक झाले होते. त्या मतामागे कॉफीच्या दुकानातले सगळे बुधवार होते.

प्रायमरी आणि कॉकसच्या या पद्धतीत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. आयोवा आणि न्यू हॅम्पशर ही लहान, बहुतांश गोऱ्या लोकांची राज्ये. त्यांनीच सुरुवात का करायची, हा आक्षेप रास्त होता. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. रात्रपाळीच्या कामगाराला, तान्ह्या मुलाच्या आईला कॉकसला जाता येत नाही. पैशाचा जोर असतोच. आणि दार उघडे ठेवले की आपल्याला न आवडणारा माणूसही त्यातूनच आत येतो. तरीही बंद खोलीपेक्षा मला हे उघडे दार हवे आहे. लोकांची चूक लोकांना दुरुस्त करता येते. बंद खोलीतली चूक कोणाची, हेही त्यांना कळत नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपला कार्यकर्ता कमी राबतो का? सतरंज्या तो घालतो, सतरंज्या तो उचलतो, भिंती रंगवतो, प्रचारफेरीत घसा बसेपर्यंत घोषणा देतो. इच्छुकांच्या मुलाखती होतात. पण अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म कोणाच्या हातात पडेल, हे त्याला शेवटपर्यंत माहीत नसते. काल ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या, तोच आज आपला उमेदवार झालेला असतो. याला का निवडले, हे शेजाऱ्याने विचारले तर तो काय सांगणार? त्याला कोणी विचारलेच नव्हते.

वेगळा प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा हे त्यातले मतदारसंघ होते. मतदार होते ते पक्षाचे पदाधिकारी, सर्वसामान्य समर्थक नव्हेत. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि प्रयोग तिथेच थांबला. एका पराभवाने तो सोडून द्यायला नको होता. अशा गोष्टी एका निवडणुकीत फळत नाहीत, त्यांना १९६८ ते २००८ एवढाही काळ लागू शकतो.

म्हणून माझी मागणी सगळ्याच पक्षांकडे आहे. लोकसभेपासून नको, प्रभागापासून सुरुवात करा. सदस्यांची यादी खरी ठेवा, ती जाहीर करा आणि नगरसेवकाचा उमेदवार त्या सदस्यांच्या मतदानाने ठरवा. समोर बसलेल्या तरुण मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की पक्ष कोणताही असो, पुढच्या निवडणुकीत तुम्हाला प्रचाराला बोलावतील, तेव्हा आधी हा प्रश्न विचारा: उमेदवार ठरवताना आम्हाला विचारणार का? एकट्याने विचारलात तर हसतील. दहा जणांनी विचारलात तर थांबून ऐकतील. प्रत्येक प्रभागात दहा जण असे उभे राहिले, तर नियम बदलावे लागतील. ते बदलतात, हे मी पाहिले आहे.