तळघरांतील आगगाडी

सेवानिवृत्त गृहस्थाचा दिवस कसा जातो, हें त्याच्या घरच्या मंडळींना विचारावें. सकाळचें वर्तमानपत्र जाहिरातींसह वाचून झालें, कीं घड्याळाचा कांटा पुढें सरकेनासा होतो आणि गृहस्थ स्वयंपाकघरांत डोकावून उगाच सूचना करूं लागतात. अमेरिकेंतील जॉन अ‍ॅलन यांचें घड्याळ मात्र निवृत्तीनंतर नेहमींपेक्षां जलद धांवूं लागलें. श्रोत्यांनीं हें अलंकारिक समजूं नये. तें घड्याळ खरोखरच जलद केलेलें होतें. त्याची हकीकत ओघानें येईलच.

अ‍ॅलन यांचा जन्म १९१३ सालचा. लहानपणींच्या आजारानें प्रकृति नाजूक झालेली. व्यवसाय छायाचित्रकाराचा. दुसरें महायुद्ध संपल्यावर थोड्याच काळांत, गुंतवणुकीच्या उत्पन्नावर निर्वाह होण्याजोगी सोय झाल्यामुळें, त्यांनीं धंदा सोडला. वय तेव्हां तिशीच्या थोडेंसें पुढें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॉन्टेरे या गांवीं ते राहावयास गेले, आणि त्यांनीं एक रेल्वे बांधावयास घेतली.

ही रेल्वे म्हणजे ३ फूट ७ इंच रुंद आणि ६ फूट ८ इंच लांब अशा फळीवरची. एखाद्या साध्या पलंगापेक्षां ती कांहीं फार मोठी नव्हे. प्रमाण सत्याऐंशीस एक. या प्रमाणांत सहा फूट उंचीचा मनुष्य एका इंचाहूनही बुटका होतो, आणि दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर भरतें. त्यांनीं रेल्वेला नांव दिलें ‘गोरी अँड डॅफेटिड’. मराठी कानाला यांतली ‘गोरी’ ओळखीची वाटेल. पण इंग्रजींत या दोन शब्दांच्या उच्चारांतून ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ निघतो. आपल्या उद्योगाला असें नांव देणाऱ्या मनुष्याची विनोदबुद्धि शाबूत होती, याविषयीं शंका नको. याच रेल्वेवर पुढें तेरा क्रमांकाचें इंजिन म्हणून, पाठीवर उभ्या तकटांची रांग असलेला एक प्राचीन सरपटणारा प्राणी वाघिणी ओढीत असे!

१९५३ सालीं अ‍ॅलन यांनीं त्याच गांवांत नवें घर घेतलें. इतर लोक घर घेतांना दिवाणखाना पाहतात. यांची नजर तळघरावर होती. तेथें रेल्वे वाढूं लागली आणि ती पहिली लहानशी फळी तिच्यांतच एका कोपऱ्यांत सामावली गेली. अशा छंदांत रूळ सामान्यतः मेजावर मांडतात व पाहणारा वरून पाहतो, म्हणजे विमानांतून पाहावें तसें. अ‍ॅलन यांनीं प्लॅस्टरचे डोंगर थेट जमिनीपासून छतापर्यंत चढविले. त्यामुळें पाहणारा दरीच्या तळाशीं उभा राही, आणि गाडी कधीं गुडघ्याखालीं तर कधीं डोक्याच्या वर पुलावरून जाई. जागा संपली तेथें त्यांनीं आरसे बसविले. कर्जत ते खंडाळा हा प्रवास ज्यांनीं खिडकीशीं बसून केला आहे, त्यांना या योजनेचें मर्म सांगावयास नको. घाट हा वरून पाहावयाचा पदार्थ नव्हे.

पण त्यांची खरी करामत निराळीच होती. त्या काळीं खेळांतलें इंजिन जितकें चकचकीत तितकें उत्तम, अशी समजूत असे. अ‍ॅलन यांनीं नवीं इंजिनें मळवून टाकलीं! डब्यांवर गंज चढविला, फळ्या पावसांत राखाडी पडल्यासारख्या केल्या, धुराड्याभोंवतीं काजळी फांसली. यावर अनेक जाणकार रागावले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. विकत आणलेल्या, नव्याकोऱ्या वस्तूची अशी दशा करणें आपल्याकडेही कोणा गृहिणीला खपलें नसतें. परंतु अ‍ॅलन यांचा डोळा छायाचित्रकाराचा. खऱ्या रेल्वेवर कांहींच नवें राहत नाहीं, हें त्यांनीं नीट पाहिलें होतें. इंजिनाच्या एका लहान कोठाराच्या छपरावर त्यांनीं कबुतरें बसविलीं, इतकेंच नव्हे तर त्यांची विष्ठाही छपरावर रंगविली. कॅमेऱ्याच्या भिंगाचें छिद्र अगदीं बारीक ठेवून घेतलेलीं या देखाव्यांचीं छायाचित्रें मासिकांतून छापून येऊं लागलीं, तेव्हां हें खेळणें कीं खरी रेल्वे, असा वाचकांना संभ्रम पडे.

आतां त्या घड्याळाविषयीं. सत्याऐंशीस एक या प्रमाणांत खरा एक मैल सुमारें एकसष्ट फूट होतो. दोन स्टेशनांमध्यें दहा मैलांचें अंतर दाखवावयाचें, तर सहाशें फूट रूळ हवेत. इतकें मोठें तळघर कोणापाशीं असणार? मग अंतर घटवावें लागतें. आणि अंतर घटविलें कीं गाडी दोन मिनिटांत मुक्कामाला पोंचते व वेळापत्रक हास्यास्पद होतें. यावर उपाय म्हणून या छंदांतील लोक घड्याळाचे कांटेच वेगानें फिरवितात. अ‍ॅलन यांच्या तळघरांतही असें घड्याळ होतें. ठराविक संध्याकाळीं मित्रमंडळी जमे. कोणी गाड्यांचा नियंता होई, कोणी इंजिन चालवी, कोणी यार्डांत वाघिणी लावीत बसे. गाडीला उशीर झाला तर खरोखरची धांवपळ उडे. दिवसभर कचेरींत घड्याळाचा जांच सोसून आलेलीं हीं माणसें रात्रीं त्याहून कडक घड्याळापुढें हौसेनें उभीं राहत, ही मनुष्यस्वभावाची गंमत म्हणावयाची.

असें वीस वर्षें चाललें. दिवसा अ‍ॅलन यांच्या हातांत करवत, कुंचला नाहीं तर विजेची तार. नाजूक प्रकृतीच्या माणसानें, पुरें होण्यास किती वर्षें लागतील याचा अंदाज नसलेलें काम इतक्या सावकाश करावें! ज्या छपरावर पाहुण्यांची दृष्टि क्वचितच पडेल, तेथेंही त्यांनीं हात आंखडला नाहीं. रेल्वे पुरी व्हावयाची होती, तोंच १९७३ सालच्या जानेवारीच्या ६ तारखेस हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. वय एकोणसाठ. या अपुऱ्या रेल्वेचें पुढें काय करावें, हा विचार मित्रांपुढें उभा राहिला असेल. त्यास अवधि मिळाला नाहीं. दहाच दिवसांनीं घराला आग लागली. लांकूड, प्लॅस्टर आणि तारा यांचा तो डोंगर जळून गेला.

उरलीं तीं छायाचित्रें आणि लेख. त्यांच्या निधनाच्या जेमतेम दोन महिने आधीं, १९७२ च्या नोव्हेंबरांत, एका मासिकांत त्यांचें एक लहानसें कोडें प्रसिद्ध झालें होतें. त्याचें नांव ‘टाइमसेव्हर’, म्हणजे वेळ वांचविणारा. कपाटाच्या एका फळीवर मावेल एवढी जागा, पांच सांधे, एक इंजिन आणि थोडे डबे. डबे कमींत कमी हालचालींत नेमून दिलेल्या जागीं लावावयाचे. रूळ मुद्दामच इतके आंखूड ठेवलेले, कीं एक डबा बाहेर काढावा तर दुसरा आडवा येतो. आजही निरनिराळ्या देशांतले लोक तेवढीच फळी मांडून, हातांत घड्याळ घेऊन, तें सोडवीत बसतात. आणि नांव वेळ वांचविण्याचें असलें, तरी संध्याकाळ कधीं संपली हें त्यांना समजत नाहीं.