पाळीव इन्फ्लुएंझा

इन्फ्लुएंझा विषाणूमुळें होतो, हें १९३३ सालीं इंग्लंडमध्यें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून दाखविलें. पुढच्याच वर्षीं टॉमस फ्रान्सिस यांनीं प्वेर्तो रिकोंतील सांथीमधून एक विषाणु वेगळा केला. ‘पीआर-८’ या नांवानें तो आजहि प्रयोगशाळांत नांदत आहे.

उंदरांच्या फुप्फुसांत व कोंबडीच्या अंड्यांत वारंवार वाढविल्यामुळें तो उंदरांना मारक झाला. माणसाला मात्र त्याची बाधा फारशी होत नाहीं. अंड्यांत तो जोमानें वाढतो. म्हणून त्याच्या आठ जनुकखंडांपैकीं बहुधा सहा ठेवून, पृष्ठभागावरील प्रथिनांचे दोन खंड नव्या विषाणूंतून घेतात व लशीचें बीज तयार करतात. १९१८ च्या सांथींतील बहुतेक मृत्यु मागाहून जडलेल्या जंतुजन्य न्युमोनियानें झाले. इन्फ्लुएंझा त्या जंतूंना वाट कशी मोकळी करून देतो, याचाहि अभ्यास पीआर-८ ची बाधा झालेल्या उंदरांवर होतो.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आजारांत उंदराला ताप चढण्याऐवजीं त्याचें अंग थंड पडतें. तेव्हां उंदराला गुणकारी ठरलेलें औषध माणसाला लागू पडेलच, असें नाहीं. पाळीव विषाणु पुष्कळ शिकवितो; सांथ मात्र रानटी विषाणूच आणतो, आणि औषधाची अखेरची कसोटी त्याच्याशींच असते.