डोक्याचा मार आणि शिक्षकाची दक्षता
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



मधल्या सुट्टीत मूल पडते, डोक्याला टेंगूळ येते आणि क्षणभर रडून ते पुन्हा खेळावयास धावते. बहुतेक वेळा गोष्ट तेथेच संपते. परंतु क्वचित असे घडते की, काही तासांनी तेच मूल ओकू लागते, गुंगते आणि 'खेळून दमले असेल' असे घरच्यांना वाटत असतानाच बेशुद्ध होते. या मधल्या काही तासांविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

कानशिलाचे हाड पातळ असून त्याच्या आतील बाजूस लागून एक धमनी जाते. हाड चिरले की ती धमनी फाटू शकते, आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. रक्ताला बाहेर वाट नसल्याने मेंदू दबत जातो. मात्र पुरेसे रक्त साचेपर्यंत मूल शुद्धीवर व बोलके असू शकते. हे स्वास्थ्य फसवे होय. कधी आवरणाखालील नीला फाटतात. तेव्हा लक्षणे काही दिवसांनीही प्रकट होतात. बाहेर जखम नाही, म्हणून आत सर्व ठीक आहे असे समजू नये.

1962 साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बार्बाडोस येथे चेंडू आदळून कवटी भंगली. ते पायांनी चालत मैदानाबाहेर आले. पुढे प्रकृती झपाट्याने ढासळली आणि तातडीच्या शस्त्रक्रियेने त्यांचे प्राण वाचले. त्यांना रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी यांच्याबरोबर प्रतिस्पर्धी कप्तान फ्रँक वॉरेलही होते. धट्टाकट्टा प्रौढ पुरुष चालत गेला म्हणून धोका टळला नाही. मग विटी लागलेल्या वा चिंचेवरून पडलेल्या बालकाविषयी आपण निर्धास्त कसे राहावे?

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास विलंब करू नये : क्षणभरही शुद्ध हरपणे, पुनःपुन्हा ओकारी, वाढती डोकेदुखी, गुंगी वा असंबद्ध बोलणे, झटके, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसणे, कानानाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव येणे. मूल माळवदावरून किंवा झाडावरून पडले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता वैद्यकीय तपासणी करवावी.

अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान हलवू नये. मूल ओकत असेल, तर मान व धड एकाच रेषेत ठेवून त्यास कुशीवर वळवावे. चहा, साखरपाणी वा औषध देऊ नये. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. क्ष-किरण चित्रात हाडाचा भंग दिसतो, साचलेले रक्त दिसत नाही. ते सीटी स्कॅनमध्ये दिसते. रक्त अल्प असल्यास डॉक्टर रुग्णास देखरेखीखाली ठेवतात. दाब वाढत असल्यास कवटी उघडून रक्त काढतात व वाहणारी धमनी बंद करतात. हे वेळेवर झाल्यास पुष्कळ मुले पूर्ववत् बरी होतात. आपल्या जिल्ह्यातून अशा शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा सोलापूर वा लातूर गाठावे लागते. आडगावाहून हा प्रवास सहज दीड-दोन तासांचा होतो. म्हणून शाळेत वाया गेलेली घटका पुढे भरून निघत नाही.

मूल कसे पडले, किती वाजता पडले, शुद्ध हरपली काय, किती वेळा ओकले, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. डॉक्टरांस ही माहिती देणारे साक्षीदार बहुधा आपणच असतो.

लक्षण नसले तरी मुलास एकटे घरी धाडू नये. ऊसतोडीच्या हंगामात अनेकांचे आईबाप कारखान्याच्या फडावर असतात व घरी केवळ आजी असते. तिला समक्ष भेटून दोन दिवस लक्ष ठेवण्यास सांगावे. पहिल्या रात्री मूल नीट जागे होते की नाही हे मधून मधून पाहण्यास सांगावे, आणि सायंकाळी आपण स्वतः एक फेरी मारावी.

हजेरीपटावर आपण मुलाची उपस्थिती रोज मांडतो. डोक्याला मार लागलेले मूल दुसऱ्या दिवशी गैरहजर दिसले, तर त्या दिवशी केवळ गैरहजेरीची खूण करून थांबू नये. त्याच्या घरी जावे, एवढीच माझी विनंती आहे.