वीज की गिअर?



बोरिवलीच्या आमच्या एका स्नेह्यांपुढे सध्या एक पेच आहे. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांना एक वेगवान मोटार घ्यायची आहे. ती विजेची सेडान घ्यावी, की हाताने गिअर टाकायची स्पोर्ट्‌स कार? प्रश्न श्रीमंती थाटाचा वाटेल. पण सोय पाहावी की हौस, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपणा सर्वांचाच आहे.

विजेच्या वाहनाचे आपल्या उपनगरांना नवल नाही. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यास विजेची गाडी धावली. 1928 साली ती बोरिवलीस पोहोचली. मोटारीने ताशी 100 किलोमीटरची वेस प्रथम ओलांडली ती 1899 साली, आणि तीही विजेवरच!

इंजिनाचे फेरे वाढल्यावाचून त्यास जोर येत नाही. म्हणून क्लच आणि गिअर. विजेची मोटर मात्र पहिल्या फेऱ्यापासूनच जोर लावते. 2024 साली भारतात आलेल्या बीवायडी सीलचा 530 अश्वशक्तीचा प्रकार 3.8 सेकंदांत 100 चा वेग गाठतो. हाताच्या गिअरची बीएमडब्ल्यू एम-2 किंचित मागे राहते. पण पुढे काय? पुण्याच्या द्रुतगती मार्गावरही मर्यादा 100 चीच! तेव्हा वेगाच्या तराजूत हा निवाडा होणार नाही.

मग तो कशात व्हावा? रोज अंधेरीच्या गर्दीत तासभर रखडायचे असेल, तर क्लच दाबून पाय भरून येतो. विजेची मोटार थांबली की मोटरही स्वस्थ राहते. ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परतते. पण रविवारी पहाटे घाटात अचूक गिअर पडल्यावर हाताला जो आनंद होतो, तो तिथे नाही. तो कारागिराचा आनंद आहे. त्यास खुळेपणा म्हणू नये.

आम्ही स्नेह्यांना एवढेच विचारले, "सोसायटीत आपली हक्काची पार्किंगची जागा आहे काय? तिथे मीटरपासून तार आणता येईल काय?" ते गप्प झाले. आमचे मत असे: घरात मोटार एकच असेल आणि तार येत असेल, तर वीज घ्यावी. तार येत नसेल, तर आधी सोसायटीच्या सभेत ठराव आणावा, मग शोरूममध्ये जावे. आणि मोटार केवळ रविवारसाठीच असेल, तर खुशाल गिअर घ्यावा. मात्र त्या हौसेला सोयीचे नाव देऊ नये.