कानानं खायची भाजी



चंदिगडच्या सेक्टर १७ मध्ये पहिल्याच संध्याकाळी एका अनोळखी माणसानं मला ‘पाजी’ म्हटलं. मी नुकताच बदलीवर आलो होतो. नीलम थिएटर कुठं आहे एवढंच विचारलं होतं. त्यानं हात लांब करून दिशा दाखवली आणि निघताना म्हणाला, ‘चंगा, पाजी.’ मराठी माणसाच्या लेखी पाजी म्हणजे लुच्चा. मी रात्रभर विचार करत होतो, की असं काय केलं आपण?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्यानं तो शब्द मला कागदावर लिहून दिला. ‘भाजी’. भाऊ, आणि पुढं आदराचा जी. पंजाबी जिभेवर शब्दाच्या सुरुवातीचा ‘भ’ जवळजवळ ‘प’ होतो आणि त्याचा राहिलेला भार सुरावर पडतो. म्हणून लिहायचं भाजी आणि म्हणायचं पाजी. म्हणजे बघा, एका रात्रीत मी लुच्च्याची मेथीची जुडी झालो आणि जुडीचा थोरला भाऊ.

आज मला बोलायचंय ते या कलेबद्दल. शब्द कानात शिरताना एक असतो आणि आत पोचेपर्यंत दुसरा होतो. आपण मराठीत तिला ‘कोटी’ म्हणतो. त्यातही एक खास घराणं आहे: गाण्याचं नाव घ्यायचं, त्यातला एक शब्द हळूच काढायचा आणि तिथं रश्श्याची वाटी ठेवायची. ऐकायला पोरखेळ वाटेल, आणि आहेच तो. पण या खेळालाही चांगलं-वाईट असतं, आणि ते ओळखायला कान तयार करावा लागतो. रेडिओइतकी चांगली जागा त्यासाठी दुसरी नाही. कोटी कागदावर छापली की निम्मी मरते.

आधी जागा सांगतो. सेक्टर १७ म्हणजे ल कॉर्बुझिएनं आखलेल्या चंदिगडचा बाजारचौक. मधल्या भागात गाड्यांना मज्जाव. काँक्रीटचे एकसारखे खांब, रुंद व्हरांडे, मोकळी फरसबंदी. एखाद्या संध्याकाळी तिथं गाड्यांचा नव्हे, माणसांचा आवाज ऐकू येतो. एका दुकानातून गाणं, दुसऱ्यातून तव्याची चरचर. नीलम, जगत आणि केसी अशी तीन थिएटरं याच चौकात होती. सिनेमा सुटला की लोक गुणगुणत बाहेर पडायचे आणि भुकेलेले असायचे. ओठांवर गाणं आणि पोटात भूक एकाच वेळी असली, की अशी कोटी आपोआप सुचते. मला तरी तिथंच सुचली. ‘दम आलू दम’.

आता ही जरा सावकाश चाखू. मूळ गाणं ‘दम मारो दम’. साल १९७१, ‘हरे रामा हरे कृष्णा’, संगीत राहुल देव बर्मन यांचं, आवाज आशा भोसले यांचा. त्यातला दम चिलमीचा. माझ्या वाटीतला दम वाफेचा: भांड्याचं तोंड कणकेनं लिंपायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि आतली वाफ आतच राहू द्यायची. शब्द तोच, अक्षरही बदललं नाही, अर्थ मात्र बदलला. आपले जुने अलंकारशास्त्रज्ञ याला अभंग श्लेष म्हणतात. शब्द भंगत नाही, अखंड राहतो आणि दोन अर्थ देतो. मराठीत तर या दमाचे लाडच लाड आहेत. जिना चढल्यावर दम लागतो, मास्तर दम देतात, पैलवानात दम असतो, आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडते, ‘जरा दम धरा!’ शेवटचा अर्थ दम आलूला सगळ्यात जास्त लागू पडतो.

पण कोटी जमली ती नुसत्या अर्थामुळं नाही. ‘मारो’ म्हणून बघा. मा, रो. दोन्ही गुरू. आता ‘आलू’. आ, लू. दोन्ही गुरू. गाण्याच्या चालीला कळतसुद्धा नाही, की आपल्या पोटात बटाटा गेलाय. याच जागी ‘दम बिर्याणी दम’ घालून बघा. पदार्थ खरा आहे, दमही खरा आहे, पण चाल अडखळते. बिर्याणी कितीही चांगली असली तरी ती त्या जागेत मावत नाही. हीच पहिली कसोटी: कोटी गाऊन बघायची. बोलून चालते पण गाऊन लंगडते, ती कच्ची. मला तर असंही वाटतं, की या कोटीत बटाटा दोन दमांच्या मधे बसलाय, वर झाकण, खाली झाकण. आता हे जरा ताणणं झालं, कबूल. कोटी करणाऱ्याला ताणल्याशिवाय राहवत नाही.

आणि योगायोग बघा. सांगलीत जन्मलेल्या आशाताईंचा हात स्वयंपाकातही तेवढाच मुरलेला. २००२ साली दुबईत त्यांच्या नावाचं उपाहारगृह निघालं, पुढं इतर शहरांतही शाखा झाल्या. म्हणजे या गाण्यात वाटी ठेवली तर गायिकेची काही तक्रार असू नये.

दुसरं उदाहरण घेऊ, आपल्या घरचं. ‘जत्रा’ सिनेमातलं अजय-अतुल यांचं ‘कोंबडी पळाली’ तुम्ही लग्नात, गणपतीत, मुलांच्या स्नेहसंमेलनात ऐकलं असेल. हीच चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये हिंदीत गेली आणि गाणं झालं ‘चिकनी चमेली’. मराठीतून पळालेली कोंबडी हिंदीत पोचेपर्यंत चिकनी झाली. यावर काही करायचं म्हटलं तर पहिली उडी सगळेच मारतात: ‘चिकन चमेली’. एकच वेलांटी काढली की काम झालं! झालं का पण? गाऊन बघा. ‘चिकनी’ म्हणताना आपण चिक्-नी म्हणतो, दोन ठोके, दोन्ही दमदार. ‘चिकन’ मात्र चि-कन, पहिला ठोका पोकळ. कोंबडी एका पायावर उभी राहते. सेक्टर १७ च्या तव्यासमोर उभं राहिल्यावर मला त्या जागेचा खरा हक्कदार दिसला. टिक्की. टिक्-की. दोन ठोके, पूर्ण वजनाचे. ‘टिक्की चमेली’. अर्थानं चिकन जवळचं, कानानं टिक्की जवळची. अशा वेळी मी कानाचं ऐकतो.

तिसरा प्रकार शब्द फोडण्याचा, सभंग श्लेष. ‘सैराट’मधलं २०१६ चं ‘झिंगाट’ घ्या. त्याच्या पोटात एक झिंगा आधीपासून बसलेलाच आहे, तुम्हाला दिसला का? कोळंबीची थाळी विकायला ठेवायची आणि वर पाटी लावायची, ‘झिंगाट’. एक अक्षर बदलायला नको. ‘ट’ उरतो खरा, तो ताटाचा समजायचा.

आता जरा लांब जाऊ, विलायतेत. तिथं करी-हाउसात बसून गाण्यांच्या नावांत आपले पदार्थ घुसवणं हा लोकांचा जुना छंद आहे. कल्चर क्लबच्या १९८३ मधल्या ‘कर्मा कमेलियन’चं ‘कोर्मा कमेलियन’ होतं. कर्माचा कोर्मा, आपल्याला लगेच कळतं. पण बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’चं ‘पेपरबॅक रायता’ केलं, की आपण थबकतो. यात कसली कोटी? इंग्रज माणूस शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळतो. त्याच्या तोंडी लेखक आणि रायता शेजारी-शेजारी बसतात, आपल्या तोंडी ते दोन गावचे. अ‍ॅबाचं ‘टेक अ चान्स ऑन मी’ भरभर म्हटलं की सुरुवातीचे दोन शब्द चिकटतात आणि ‘टिक्का चान्स ऑन मी’ ऐकू येतं. आणि मॅडोनाच्या ‘पापा डोन्ट प्रीच’मधून जो पापड निघतो, तो आपला पापड नाहीच, त्याला केरळी शेपूट लागतं. ‘पप्पडम’ म्हणणाऱ्यालाच तो मिळतो. म्हणजे कोटी भाषेत तर असतेच, पण त्याहून जास्त उच्चारात असते. चंदिगडचा ‘पाजी’ पुण्यात लिहून दाखवावा लागतो, तसंच हे.

आणि ‘करी’ हा शब्द तरी काय कमी आहे? विलायतेत तो म्हणजे रस्सा. आपल्या जुन्या मराठीत करी म्हणजे करतो, करीं म्हणजे हातात, आणि संस्कृतातून आलेला करी म्हणजे हत्ती. हत्तीचा कर म्हणजे सोंड, म्हणून तो करी. त्यात आता ताटातली करी मिळवा. मग एखादा यमकवेडा म्हणू शकतो: ‘करी करीं करी करी’. हत्ती सोंडेनं रस्सा करतो. मोरोपंतांची क्षमा मागून.

या सगळ्यात मला सर्वांत आवडती गोष्ट मात्र कुणी मुद्दाम केलेली कोटी नाही. ती एक ऐकण्यातली चूक आहे, आणि तिचं एक टोक गोव्यात आहे. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली. त्यांचा मांस मुरवण्याचा एक प्रकार होता, त्याच्या नावात दोनच गोष्टी: वाइन आणि लसूण. ‘विन्या द आल्युश’. आल्युश म्हणजे लसूण. गोव्यात वाइनच्या जागी माडीचा शिरका आला, अमेरिकेतून आलेली मिरची पडली, आणि डुकराच्या मांसाचं विंदाल झालं. गोव्याच्या माणसानं त्यात बटाटा कधी ऐकला नाही, कारण तो बटाट्याला बटाटाच म्हणतो. तो शब्दही पोर्तुगीजच, तुमच्या-माझ्या तोंडात बसलेला. पण हेच नाव ‘विंदालू’ होऊन हिंदी कानापर्यंत गेलं आणि कान म्हणाला, अरे, यात तर आलू आहे! मग हॉटेलांनी पातेल्यात बटाटे टाकले. लसणाचा बटाटा झाला, नुसत्या नावाच्या ओढीनं. कोटीवर आपण हसतो आणि विसरतो. ही एक कोटी मात्र लोक पोळीबरोबर खातात.

तोच विंदालू १९९८ साली गाणं होऊन परत आला. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी फॅट लेस नावाच्या मंडळींनी ‘विंदालू’ याच नावाचं गाणं काढलं आणि ते ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी त्याच यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं होतं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, कॉर्नरशॉप या बँडचं, आपल्या आशाताईंच्या नावाचं गाणं. एका वर्षात गोव्याचा रस्सा आणि सांगलीचा आवाज इंग्रजांच्या ओठांवर. दम आलू दम म्हणायला माझी हरकत नाही.

आता पुन्हा चंदिगड. या शहराला चेष्टेचा गुरू मिळाला होता, जसपाल भट्टी. शिकले इथल्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात, विजेचे इंजिनिअर. १९८९ साली दूरदर्शनवर त्यांचा ‘फ्लॉप शो’ लागायचा. अवघे दहा भाग, आणि भागाच्या शेवटी एका लोकप्रिय चित्रगीताचं विडंबन. पुढं महागाई वाढली तेव्हा त्यांनी चंदिगडमध्ये एक जत्राच मांडली. तिथं रिंगा फेकून बाहुल्या नव्हे, भाज्या, डाळी आणि तेल जिंकायचं होतं. डाळ इतकी महाग, की ती आता बक्षीस म्हणूनच परवडणार. विडंबन आणि कोटी यांत फरक आहे बरं का. विडंबन अख्खं गाणं उचलतं, अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’त कवींच्या कविता उचलल्या तशा. कोटी एका शब्दावर वळते आणि निघून जाते. विडंबनाला श्रोत्याचा वेळ लागतो, कोटीला त्याचा फक्त एक श्वास.

एक कोटी मी करतो आणि करून अस्वस्थ होतो, तीही सांगतो. शिवकुमार बटालवी हे पंजाबीतले मोठे कवी. आयुष्याची शेवटची काही वर्षं याच शहरात काढली, स्टेट बँकेत नोकरी होती. १९७३ मध्ये गेले, वय छत्तिशीचं. त्यांची एक कविता हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीच्या रूपात आहे. एका मुलीचा शोध. ‘उडता पंजाब’मध्ये ती ‘इक कुडी’ या नावानं गाणं झाली. कुडी म्हणजे मुलगी. आणि सेक्टर १७ मध्ये दुपारी कढी-चावल मागवताना माझ्या कानाला जे व्हायचं ते झालं. ‘इक कढी’. मात्रा नेमक्या, एका स्वराचा फरक. त्यात पंजाबी तोंडात कढीच्या ‘ढ’चा हकारही विरतो, म्हणून तिथं ती कुडीच्या आणखी जवळ सरकते. कसोट्या सगळ्या पार. पण गाणं दुःखाचं आहे. मी ही कोटी सहकाऱ्याला ऐकवली. तो आधी हसला, मग चमचा खाली ठेवून मूळ कविता हलक्या आवाजात म्हणायला लागला, अर्ध्यात थांबला. कढीवर साय धरली. तेव्हापासून मी ती कोटी जेवताना करत नाही. आज केली, कारण तुम्ही ताटावर नाही असं गृहीत धरलंय.

बदली संपायच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा चौकात गेलो. तव्यावर टिक्क्या फुगत होत्या. उलथण्यानं दाबत टिक्कीवाल्यानं विचारलं, ‘पाजी, टिक्की?’

इतक्या वर्षांची तयारी पणाला लावून मी म्हणालो, ‘चमेली!’

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, ‘चमेली नहीं है जी. दही-सोंठवाली है.’