गाण्यानंतरची नवरी

(कर्जत-खालापूर परिसरातील तरुणांसमोर केलेले भाषण)



मी खोपोलीचा. इंजिनिअरिंग करून आता ऐरोलीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. सिनेमाचा अभ्यासक वगैरे नाही, तुमच्यासारखाच शिट्ट्या मारणारा प्रेक्षक आहे. पण आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे, त्याने मला माझ्याच नजरेत थोडं खाली आणलं. म्हणून बोलतो.

‘ॲनिमल’ कोणी कोणी पाहिला? बघा, जवळजवळ सगळे हात वर आहेत. 1 डिसेंबर 2023 ला आलेला, तीन तास एकवीस मिनिटांचा, ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा. वडिलांवर गोळीबार होतो आणि मुलगा बदला घ्यायला निघतो, एवढीच गोष्ट. त्यातला सगळ्यात भयंकर प्रसंग कोणता, असं विचारलं की बहुतेक जण हॉटेलच्या कॉरिडॉरमधली कुऱ्हाडीची मारामारी सांगतात. मुखवटे घातलेली माणसं येत राहतात आणि रणबीर कपूर त्यांना कापत राहतो. आपल्या भागात त्याला आणखी एक गंमत होती. उपेंद्र लिमये मराठीत बोलतो, मशीनगन आणून देतो, अजय-अतुलचं ‘डॉल्बीवाल्या’ वाजतं. थिएटरमध्ये आम्ही खुर्चीवर उभे राहिलो होतो. माणसं मरताना बघून नाचत होतो, हे तेव्हा जाणवलंही नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यात भयंकर प्रसंग तो नाही. तो आहे अबरारच्या लग्नाचा.

आठवा. बॉबी देओल डोक्यावर ग्लास ठेवून नाचत येतो. ‘जमाल कुडू’ हे मूळ इराणी गाणं सुरू आहे. त्याचं हे तिसरं लग्न. तेवढ्यात एक माणूस त्याच्या भावाच्या खुनाची बातमी आणतो. अबरार त्या निरोप्यालाच तिथे मारून टाकतो. आणि त्यानंतर, भर लग्नात, पाहुण्यांसमोर, नव्या नवरीवर जबरदस्ती करतो. त्या नवरीचं सिनेमातलं नाव कोणाला आठवतं? मलाही नाही.

आता माझी गोष्ट. नेरळजवळच्या एका गावात माझ्या मावसभावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री डीजेवर तेच गाणं लागलं आणि मी डोक्यावर ग्लास ठेवून नाचलो. पोरांनी व्हिडिओ काढला, घराच्या ग्रुपवर टाकला, हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी वलीमाच्या जेवणाला माझी थोरली आपा शेजारी येऊन बसली. ती शाळेत शिकवते. एवढंच म्हणाली, “तू काल जिथे थांबलास ना, त्याच्या पुढे त्या नवरीचं काय होतं, आठवतं का तुला?”

मी सिनेमा दोनदा पाहिला होता. पण खरं सांगतो, नाचताना ती नवरी माझ्या डोक्यात कुठेच नव्हती. ग्लास आठवत होता, नवरी विसरलो होतो. आणि नाचत होतो कुठे, तर एका नवरीच्या घरात.

असं कसं झालं, यावर मी माझ्या कामाच्या अंगाने विचार केला. रील वीस-तीस सेकंदांची असते. त्यात नाच येतो, नंतरचा प्रसंग कापला जातो. रील पुढे सरकवणारी यंत्रणा तुम्ही किती वेळ थांबून बघितलं यासारख्या गोष्टी मोजते. सिनेमात त्याआधी-नंतर काय होतं, हे ती तुम्हाला सांगत नाही. ते कळणं हे आपलं काम होतं. तेही आपण यंत्रणेवर सोडून दिलं.

आता तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, “भाई, हा सिनेमाच आपल्याला बदनाम करणारा आहे.” अर्धी गोष्ट खरी आहे. अबरार आणि रणविजय एकाच घराण्याचे, भाऊबंद. दोघेही बदल्यासाठी खून करतात. पण एकाच्या खुनामागे वडिलांवरचं प्रेम आहे, हे सांगायला सिनेमाला तीन तास मिळतात. दुसऱ्याच्या वाट्याला दाढी, तीन बायका आणि क्रौर्य येतं. हे आपोआप होत नाही. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’चा सेट उभा राहिला होता. सिनेमातला महाल मागून लाकूड आणि प्लास्टर असतो, हे आपल्या भागातल्या लोकांना सांगावं लागत नाही. पात्रंही तशीच उभी केलेली असतात. कोणाला कारण द्यायचं आणि कोणाला फक्त धर्म, हे कोणीतरी बसून ठरवतं. त्यावर आपण जरूर बोलायला हवं.

पण उरलेली अर्धी गोष्ट आपल्याला आवडणारी नाही. एकापेक्षा जास्त बायका करायला महाराष्ट्रातल्या मुस्लिम पुरुषाला कायद्याने आजही मनाई नाही. 18 एप्रिल 1966 ला आपल्या कोकणातल्याच हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. तोंडी तलाकविरोधी कायदा 2019 मध्ये झाला. दुसरी मागणी अजून तिथेच आहे. सिनेमाने दाखवलं की बदनामी, आणि खऱ्या घरात घडलं की खाजगी बाब, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

आणि नवरीवरची जबरदस्ती? ती कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये एक अपवाद आहे. पत्नी अठरा वर्षांच्या आतली नसेल, तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. हा अपवाद सगळ्या धर्मांच्या नवऱ्यांना आहे. आपल्या निकाहात तर वकील आणि साक्षीदार आधी नवरीकडे जाऊन तिची इजाजत घेतात, मगच पुढचं सगळं. ती इजाजत आयुष्यभरासाठी एकदाच घेतलेली सही आहे का? मला तसं वाटत नाही.

शेवटचा मुद्दा बदल्याचा. सिनेमाच्या अखेरीस रणविजय अबरारचा गळा चिरतो. म्हणजे संपलं? नाही. श्रेयनामावलीनंतर अबरारचा आणखी एक भाऊ तयारीला लागलेला दिसतो. बदल्याच्या गोष्टीला शेवट नसतो, पुढचा भाग असतो.

आपल्याच खालापूर तालुक्यात याच्या उलट घडलेलं आहे. फेब्रुवारी 1661, चावणीजवळची उंबरखिंड. मोगल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद खिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली. एकेक माणूस कापता आला असता. खानाबरोबर रायबागन ही सरदार बाई होती. तिने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने तो मानला. महाराजांनी सामानसुमान आणि खंडणी घेतली आणि फौजेला जाऊ दिलं. हा भाबडेपणा नव्हता, हिशेबी राजकारण होतं. पण त्यात दोन गोष्टी घडल्या, ज्या त्या सिनेमात घडत नाहीत. हरलेल्यांना जिवंत परत जायला वाट मिळाली. आणि एका बाईचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. तिथे स्मारक आहे. पावसाळ्यात धबधब्यावर जाता, तसे एकदा तिथेही जाऊन या.

सिनेमा बघू नका, असं मी म्हणणार नाही. मीही बघणार आहे. पण ‘ए’ प्रमाणपत्र थिएटरच्या दारावर चालतं, मोबाइलवर नाही. 26 जानेवारी 2024 पासून हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आहे, आणि घरातल्या धाकट्या भावाने तो कधीच पाहिला असेल. त्याच्याशी एकदा बोला. हिरो किती भारी होता, हे विचारू नका. त्या नवरीचं काय झालं, हे विचारा. तो काय उत्तर देतो ते शांतपणे ऐका.

तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढायला गेलो, तेव्हा उशीर झाला होता. बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये तो आहे. मावसभावाच्या बायकोनेही पाहिला असणार. तिची माफी मी मागितली. ती हसली आणि म्हणाली, “मला वाटलं होतं, कोणाच्या लक्षातच येणार नाही.”

म्हणजे तिच्या लक्षात होतं. पहिल्या रात्रीपासून.