मोबाइल आणि कामाचा उतारा

उत्पादकता म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या कामातून किती माल किंवा किती सेवा पदरात पडते, याचे माप. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराला हे माप कोणी समजावून सांगावे लागत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एका कोयत्याने दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टोळीतल्या बहुतेकांच्या हाती मोबाइल आला. मुकादम, ट्रॅक्टरवाला आणि कारखान्याचा चिटबॉय यांचे निरोप मिनिटात पोचू लागले, गाड्यांचा खोळंबा काहीसा कमी झाला. तोड मात्र कोयत्याच्या पात्यावर आणि मजुराच्या कमरेवरच राहिली.

हा पेच फक्त उसाच्या फडातला नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत संगणकांवर अफाट पैसा ओतला. तरीही 1973 ते 1995 या काळात तिथल्या श्रम-उत्पादकतेची वाढ वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळली. संगणक सगळीकडे दिसतो, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 मध्ये म्हटले ते याच काळात. 1995 नंतर सुमारे दहा वर्षे हा वेग जवळजवळ दुप्पट झाला आणि पुढे पुन्हा मंदावला. वाढीचा मोठा वाटा संगणक आणि चिप बनवणाऱ्या उद्योगांचा होता. पण घाऊक आणि किरकोळ व्यापाराचाही होता. तिथे बारकोड, गोदाम, पुरवठादार आणि मालाची मागणी ही सारी साखळीच नव्याने बांधली गेली. युरोपातल्या देशांनीही तीच यंत्रे घेतली, पण व्यापाराची घडी फारशी मोडली नाही आणि त्या क्षेत्रात ते मागे राहिले. याच पेचाबद्दल अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये विजेचा दाखला दिला होता. कारखान्यांनी आधी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवली, जुने पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कारखान्याची मांडणी बदलली, तेव्हा 1920 च्या दशकात फायदा दिसू लागला.

गरीब देशांत संगणकापेक्षा मोबाइलचा हिशेब महत्त्वाचा. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 दरम्यान टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. त्याआधी एका बंदरावर मासळीला गिऱ्हाईक नसे, ती फेकून द्यावी लागे. त्याच वेळी जवळच्या बंदरावर तुटवडा असे. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून होडी वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासानुसार मासळीची नासाडी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

महाराष्ट्रातला अनुभव वेगळा. 2009-10 च्या सुमारास पुणे, नाशिक, अहमदनगर, धुळे आणि बीडला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यातल्या शंभर गावांत एक प्रयोग झाला. काही शेतकऱ्यांना एसएमएसवर बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला देण्यात आला, काहींना नाही. फाफशाँ आणि मिंटेन या अभ्यासकांनी तुलना केली, तेव्हा मालाला मिळालेल्या भावात सरासरीने दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. याचे कारण शोधायला फार दूर जायला नको. होडी दुसऱ्या बंदराकडे वळते. बीड जिल्ह्यातल्या केजच्या शेतकऱ्याचे सोयाबीन मात्र तितक्या सहज वळत नाही. बियाणे-खत उधारीवर घेतलेले असते, आडत्याकडून उचल घेतलेली असते, टेम्पोचे भाडे वेगळेच. लातूरचा भाव मोबाइलवर दिसतो, पण तो घेण्यासाठी माल थांबवून धरण्याची ऐपत लागते.

वारणानगरचा दाखला याहून बोलका आहे. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगली भागातल्या सत्तर गावांसाठी सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने संगणक केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्यांना जगभराची माहिती मिळेल, असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात केंद्रांचे मुख्य काम उसाची नोंद, वजन आणि खताचा हिशेब हेच राहिले. 2006 च्या सुमारास सात गावांत संगणक काढून तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून पाहिले, तर ते स्वस्तात आणि नीट झाले. तंत्रज्ञान महाग हवे असे नाही, कामाशी बेतलेले हवे.

तंत्रज्ञान कामाशी बेतले आहे का, हा प्रश्न बीडमध्ये आज ई-पीक पाहणीच्या रूपाने दिसतो. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करी. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः ॲप उघडायचे, गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, बांधावर उभे राहून फोटो काढायचा. आष्टी-पाटोद्याच्या डोंगराळ शिवारात रेंज मिळाली तर हे दहा मिनिटांचे काम. नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप. ज्यांना जमत नाही ते शेजारच्या पोराला किंवा सेवा केंद्रवाल्याला गाठतात. पुढे पीक पाहणीसाठी सहायक नेमण्याची वेळ सरकारवर आली ती यामुळेच. पीक विम्याचे अर्ज ऑनलाइन झाल्याने रांगा कमी झाल्या हे खरे, पण याच जिल्ह्यात सरकारी आणि दुसऱ्याच्या जमिनींवर विमा उतरवल्याची प्रकरणेही निघाली. अर्ज भरणे सोपे झाले तसा खोटा अर्ज भरणेही सोपे झाले, आणि छाननीचा भार वाढला.

तलाठ्याचे श्रम हलके झाले, हा लाभ खराच. पण ते काम नाहीसे झाले नाही, विनामोबदला शेतकऱ्याकडे गेले, आणि उत्पादकतेच्या कोणत्याही तक्त्यात त्याच्या या खेपा येत नाहीत. त्या मोजल्याखेरीज अशा ॲपने काम वाढले की वाचले, हे ठरवता यायचे नाही.